सही न करणारा डॉक्टर : फ्रँको बझालिया, गोरित्सियाची सीमा आणि आमचे काका

मलप्रभेकाठची (खानापूर)

आमचे धाकटे काका सतरा वर्षांनी घरी आले तेव्हा मी आठवीत होते. १९८९ साल. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि आत येईनात. आजी आतून म्हणाली, "ये की रे." तरी उभेच. शेवटी बाबांनी हाताला धरून आत घेतलं. जेवायला बसवलं तर डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा धरला, चार घासांत भात संपवला आणि रिकामं ताट घेऊन उभे राहिले. ताट धुवायची रांग कुठं लागते ते त्यांना दिसेना. रात्री मोरीला जायचं झालं की आजीला उठवायचे. "जाऊ काय?" आजी म्हणायची, "जा की, तुझंच घर हाय." दुसऱ्या रात्री पुन्हा, "जाऊ काय?"

ज्या इस्पितळात ते होते त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांवर राग काढायला हा धागा नाही, आणि काकांना तिथं नेऊन सोडलं ते आमच्याच माणसांनी. तेविसाव्या वर्षी त्यांना आवाज ऐकू यायला लागले. ऐन मळणीत ते कणकुंबीच्या रानात निघून गेले, चार दिवसांनी सापडले. देवऋषी झाला, अंगारे झाले, मग इस्पितळ. आजोबा सुरुवातीला दर महिन्याला जायचे, पुढं फक्त दिवाळीला, मग पत्रही बंद झालं. सोडताना तिथल्या नव्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की यांचा आजार केव्हाच निवळलाय, दहा वर्षांपूर्वीच घरी जायला हवे होते, पण न्यायला कोणी आलं नाही. बाबांच्या मनातून ते वाक्य शेवटपर्यंत गेलं नाही.

आता माझं औषधाचं दुकान आहे. मानसोपचाराची चिठ्ठी आणणारी माणसं गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बाजूला उभी राहतात आणि चिठ्ठी चार घड्या घालून हातात देतात. काकांमुळे मी या विषयावर वाचत गेले आणि एका इटालियन डॉक्टरपाशी येऊन थांबले. त्याच्याबद्दल लिहायचं किती दिवस मनात होतं.

फ्रँको बझालिया. जन्म व्हेनिसचा, ११ मार्च १९२४. वैद्यकीचा विद्यार्थी असताना, १९४४ साली, फॅसिस्टांविरुद्धच्या चळवळीत पकडला गेला आणि युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिला. नंतर पादोवाच्या विद्यापीठात मानसोपचाराचं काम. तत्त्वज्ञान इतकं वाचायचा की प्राध्यापक त्याला ‘फिलॉसॉफर’ म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. विद्यापीठात पुढं वाट दिसेना तेव्हा १९६१ मध्ये गोरित्सिया या गावच्या मनोरुग्णालयाचा संचालक म्हणून गेला.

गोरित्सिया कसलं गाव ते आपल्या भागातल्या माणसाला फार समजवावं लागणार नाही. १९४७ च्या तहानं इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यातली रेषा तिथून ओढली गेली. जुनं गाव अलीकडे राहिलं, एक रेल्वे स्टेशन पलीकडे गेलं. इस्पितळाचं आवार अगदी सीमेला लागून. आत पाचशेहून जास्त माणसं, त्यांत स्लोव्हेन बोलणारीही बरीच. १९५६ ला आपला मराठी भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला, त्यानंतर आपल्या घरांत काय काय झालं ते ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. सातबारा एका भाषेत, देवघर दुसऱ्या. त्यात डोकं बिघडलेला माणूस म्हणजे कुठल्याच कागदावर नसलेला माणूस.

बझालिया आत गेला आणि पहिल्यांदा त्याला वास आला. तुरुंगातला वास, सतरा वर्षांपूर्वी नाकात बसलेला. मग रिवाजाप्रमाणे मुख्य परिचारकानं वही पुढं केली. आदल्या रात्री कोणाकोणाला बांधून ठेवलं त्यांच्या नावांची वही, खाली संचालकाची सही. बझालियानं वाचलं आणि व्हेनिसच्या बोलीत म्हणाला, "ए मी नो फिर्मो." मी नाही सही करणार.

ते प्रमाण इटालियनमध्ये नाही, घरच्या बोलीत आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपलाही माणूस कचेरीत शुद्ध बोलतो, पण खरंच नाही म्हणायचं असेल तेव्हा तोंडातून निघतं, "न्हाई करणार, जावा."

पुढं एकेक सुटत गेलं. बांधणं बंद, कुलपं गेली, जाळ्या निघाल्या. रोज सभा भरायची, त्यात रुग्ण, परिचारक, डॉक्टर एकत्र बसायचे आणि कोणीही उठून बोलायचं. आजाराला कंसात ठेवा, असं तो म्हणायचा. आजार नाही असं त्याचं म्हणणं कधीच नव्हतं. निदान थोडं बाजूला ठेवा म्हणजे समोरचा माणूस दिसेल, आणि त्याच्यात आजारानं केलेलं किती आणि आम्ही कोंडून केलेलं किती ते वेगळं करता येईल.

आपल्या एका निबंधात त्यानं पूर्वेकडची एक गोष्ट सांगितली होती. झोपलेल्या माणसाच्या तोंडातून साप पोटात शिरतो आणि तिथं राहून त्याच्यावर हुकूम चालवतो. माणूस आपला राहत नाही. एक दिवस साप निघून जातो. माणूस मोकळा होतो, पण त्या मोकळेपणाचं काय करायचं ते त्याला आता येत नसतं. सापाच्या मर्जीनं वागायची सवय लागलेली असते, स्वतःची मर्जी हरवलेली असते. हे वाचलं त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. "जाऊ काय?" म्हणजे नेमकं काय होतं ते मला त्या वेळी समजलं.

१९७१ मध्ये तो त्रिएस्तेला गेला. तेही सीमेवरचंच शहर. तिथल्या सान जोव्हान्नी इस्पितळात सुमारे १२०० माणसं होती. १९७३ च्या फेब्रुवारीत रुग्ण, कलाकार, परिचारक यांनी मिळून लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा एक भलामोठा निळा घोडा केला, मार्को काव्हालो. त्या आवारात मार्को नावाचा खरा घोडा होता, धुण्याची गाडी ओढायचा. गाडीला मोटार आल्यावर त्याला खाटकाकडे देणार होते. रुग्णांनी घोड्याच्या नावानं सरकारला अर्ज लिहिला की मी इतकी वर्षं राबलो, मला निवृत्ती द्या. अर्ज मंजूर झाला. त्याच्या नावाचा हा निळा घोडा बाहेर काढायची वेळ आली तर दारातून मावेना. मग दार फोडलं आणि घोड्यामागून शेकडो रुग्ण शहरात गेले. कित्येक जण वर्षानुवर्षांनी पहिल्यांदा.

१३ मे १९७८ ला इटलीच्या संसदेनं १८० क्रमांकाचा कायदा केला. लोक त्याला बझालियाचा कायदाच म्हणतात. आधीचा १९०४ चा कायदा माणूस ‘स्वतःला किंवा इतरांना धोकादायक’ आहे का एवढंच विचारायचा, आणि दाखल झालेल्याची नोंद गुन्हेगारांच्या दप्तरात जायची. नव्या कायद्यानं मनोरुग्णालयात नव्यानं दाखल करणं थांबवलं. उपचार वस्तीतल्या केंद्रांत व्हायचे. फारच गरज पडली तर साध्या इस्पितळात जास्तीत जास्त १५ खाटांचा विभाग. सक्ती करायची तर दोन डॉक्टरांचं मत, महापौराचा हुकूम, न्यायाधीशाला कळवणं आणि मुदत सात दिवसांची.

त्या मे महिन्यात आमचे काका आत सहावं वर्ष काढत होते.

बझालिया २९ ऑगस्ट १९८० ला मेंदूतल्या गाठीनं गेला. वय ५६.

आपल्या भागात, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे, तुमच्या घरात किंवा गल्लीत काय अनुभव आहे ते लिहाल का? नावं नका लिहू कोणाची.

बिडीपान (निपाणी)

ताई, घोड्याच्या अर्जापाशी थांबलो. निवृत्ती मागायला आधी काम केलंय हे कुणीतरी मान्य करावं लागतं.

माझी मावशी आयुष्यभर आमच्यात राहिली. स्वतःशी बोलायची, मधेच हसायची, अमावस्येला जास्त. पण मांडीवर सूप घेऊन बसली की तिच्यासारखी बिडी गल्लीत कोणी वळत नव्हतं. पान कापणं, तंबाखू भरणं, तोंड मुडपणं, सगळं न बघता. तिच्या मालात छाट, म्हणजे नापास बिडी, निघायची नाही. हजाराचा दर जो आईला तोच तिला, आणि पैसे तिच्याच हातात, हे आईनं ठरवून दिलं होतं. शनिवारी पैसे मिळाले की ती आम्हा पोरांना भजी आणायची. गल्लीत तिला कोणी येडी म्हटलं तर बायका त्याला उभा करायच्या, कारण ती कामाची बाई होती.

म्हणून विचारतो, त्रिएस्तेत कामाचं काय केलं?

मलप्रभेकाठची

बिडीपान, तुमच्या आईला नमस्कार सांगा. नेमकं तेच केलं त्यांनी.

आधी त्या इस्पितळात रुग्ण झाडलोट, धुणी, स्वयंपाक करायचे आणि त्याला ‘कामाचा उपचार’ म्हणायचे. मोबदला म्हणजे सिगारेट किंवा चार नाणी. बझालियाच्या मंडळींनी १९७२ मध्ये रुग्णांची सहकारी संस्था उभी केली. झाडलोट तीच, पण करार झाला, रीतसर मजुरी मिळाली. इटलीतल्या पुढच्या सामाजिक सहकारी संस्थांची सुरुवात तिथून धरतात. ज्यांना कागदावर सोडलंय पण जायला घर नाही, त्यांना त्याच आवारात राहू दिलं, आणि दप्तरात त्यांची नोंद ‘पाहुणा’ अशी केली.

कडोलीकर

ताई, वाईट वाटून घेऊ नका. लिहिलंय चांगलं. पण मी अकरा वर्षं भावाचं करतोय, म्हणून थोडं कडू लिहितो.

रात्री दोनला तो उठतो आणि विहिरीकडे चालायला लागतो. कोण उठतं? माझी बायको. तिला पहाटे पाचला धारा काढायच्या असतात. पोरीला बघायला आलेले पाहुणे ओसरीवरून त्याला बघून उठून गेले. त्या दिवशी मी त्याला गोठ्यात कोंडलं, आणि रात्रभर मला झोप लागली नाही. कुलपं काढली म्हणून त्या डॉक्टराचं कौतुक होतं, पण ते कुलूप गेलं कुठं? आमच्या दाराला आलं. इस्पितळं बंद झाली तर तिथली माणसं ज्यांच्या घरी गेली त्या बायकांनी काय केलं, ते कोणी लिहिलंय काय?

गोळ्या तो घेत नाही. चहात घालून देतो. हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतोय.

मलप्रभेकाठची

दादा, कडू काही नाही यात. माझ्या आजीनं आणि आईनं जे काढलं ते मी वरच्या लेखात दोन ओळींत गुंडाळलं, ती माझी चूक.

इटलीतही हाच प्रश्न उठला आणि मोठ्यानं उठला. १९७८ चा कायदा सगळ्या देशाला लागू झाला, पण केंद्रं सगळीकडे उभी राहिली नाहीत. त्रिएस्तेत चोवीस तास उघडी राहणारी केंद्रं होती, रात्री तिथं जाऊन झोपायलाही खाटा होत्या. इतर कितीतरी भागांत नुसताच कायदा पोचला. घरच्यांच्या संघटना उभ्या राहिल्या, आम्हाला वाऱ्यावर सोडलं म्हणून. बझालियाची बायको फ्रँका ओंगारो, त्याच्या बहुतेक लिखाणात तिचा हात होता, ती त्याच्या मागं संसदेत गेली आणि या कायद्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून वर्षानुवर्षं भांडली. २००५ मध्ये ती गेली. माझ्या मते निम्मं श्रेय तिचं आहे, आणि धाग्याच्या नावात ती नाही ही दुसरी चूक.

आणखी एक लपवायला नको. १९६८ मध्ये गोरित्सियाचा एक रुग्ण दिवसभराच्या सुट्टीवर घरी गेला आणि त्यानं बायकोला मारलं. बझालियावर खटला झाला, तो निर्दोष सुटला. पण त्या बाईचा जीव गेला तो गेलाच. मोकळं सोडायचं तर कोणाच्या भरवशावर, हा तुमचाच प्रश्न आहे.

पांढरी_टोपी

मी परिचारिका आहे, याच जिल्ह्यात, मानसिक आरोग्याच्या कामात. कडोलीकरांसाठी आधी.

दादा, चहात गोळी घालणारे तुम्ही एकटे नाही. दर आठवड्याला कोणीतरी हळू आवाजात हेच सांगतं. पण ते थांबवायला हवं. एक तर चहा अर्धा टाकला तर डोस किती गेला ते कळत नाही. आणि आपल्याला काहीतरी घालतात असा ज्याला आधीच संशय असतो, त्याला एखाद्या दिवशी ते खरंच सापडतं. मग तो जेवणही सोडतो. रोजच्या गोळीऐवजी महिन्यातून एकदा किंवा दोनदा घ्यायचं इंजेक्शन असतं, ते काही जणांना चालतं. त्याविषयी डॉक्टरांशी बोला, त्याच्यासमोर बोला. आणि वहिनींची झोप हासुद्धा डॉक्टरांना सांगायचा मुद्दा आहे, घरगुती रडगाणं समजून गिळू नका.

आता बझालियाबद्दल. ‘आजार कंसात’ हे वाक्य ऐकून काही लोक औषध बंद करतात, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते. गोरित्सियात औषधं चालू होती. नवी औषधं आल्यामुळेच दारं उघडणं जमलं, असं मानणारेही पुष्कळ आहेत. एका टीव्ही मुलाखतीत त्याला विचारलं होतं, तुम्हाला रुग्णात जास्त रस की आजारात? तो म्हणाला, निःसंशय रुग्णात. एवढंच त्याचं म्हणणं.

शिवाय आपल्याकडची वाट थोडी वेगळी आहे आणि तीही लोकांना माहीत असायला हवी. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या घरच्यांना बोलावून आवारात तंबूत ठेवलं. रोज सगळ्यांना एकत्र बसवून आजार समजावायचे. घरचे सोबत असल्यानं माणूस लवकर बरा होऊन त्यांच्याच बरोबर परत जायचा. मलप्रभेकाठची, तुमच्या आजोबांना कोणी तंबू दिला असता तर काकांची सतरा वर्षं वाचली असती, असं वाचताना सारखं वाटत होतं.

आणि बळ्ळारी. आपल्याच राज्यात, १९८५ ते १९९० या काळात, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं तो अख्खा जिल्हा घेतला, लोकसंख्या सुमारे २० लाख. प्राथमिक आरोग्य केंद्रातले साधे डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी तयार केले, मोजकी पाच-सहा औषधं केंद्रात ठेवली, आणि फिटं, वेड, खिन्नता यांचे उपचार गावाजवळ सुरू केले. १९९६ मध्ये देशभर जो जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला तो याच नमुन्यावर. आता कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ नावाखाली तालुका इस्पितळांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात.

पारिजातक_वडगाव

माझ्या आईला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर नेलं होतं, मग एका दर्ग्यात, मग डॉक्टरकडे. तिन्ही ठिकाणी मीच नेलं. डोंगरावर नेलं म्हणून मला अडाणी म्हणणारे नातेवाईक शहरात राहतात आणि एकदाही भेटायला आले नाहीत. तिथं निदान चार बायकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पांढरी_टोपी

वडगावताई, तुम्हाला कोणी अडाणी म्हणू नये. देवाला जाऊ नका असं मी एकाही घराला सांगत नाही, फक्त गोळी बंद करून जाऊ नका असं सांगते. मात्र जिथं साखळीनं बांधतात तिथं एक रात्रसुद्धा ठेवू नका. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे आग लागली तेव्हा २८ माणसं मेली. साखळ्यांमुळे पळता आलं नाही. ती सगळी कुणाच्या तरी घरच्यांनी, बरं वाटेल म्हणून आणून ठेवलेली माणसं होती.

कॅम्पातली_बाई

मी शिक्षिका. धाग्यात सीमा आली म्हणून माझ्या सासूबाईंचं लिहिते.

नवरा गेल्यावर त्यांना काही सुधरेना. जेवण नाही, झोप नाही. त्यांना कन्नड बाजारापुरतं येतं, कांदा कितीला आणि बस कुठली एवढं. डॉक्टर भले माणूस, पण मराठी नाही. त्यांनी विचारलं, "निद्दी बरतैतेनरी?" झोपेचं कळलं, मान हलवली. मग काय होतंय विचारल्यावर त्या म्हणाल्या, "काळजात कालवतंय. घरात कुणी न्हाई असं न्हाई, पण घर खायला उठतंय." माझ्या नवऱ्यानं भाषांतर केलं, "टेन्शन ऐती सर." बस्स, एक शब्द. मी बाजूला होते, मला राहवलं नाही. मला कन्नड बरं येतं, आमच्या शाळेत लागतंच. मी एकेक शब्द फोडून सांगितला, कालवणं म्हणजे हातानं ढवळणं, पीठ कालवतात तसं, ते काळजात होतंय. डॉक्टरांनी पेन ठेवलं, त्यांच्याकडे बघितलं आणि तो शब्द त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतला. मग कन्नड अक्षरांत केसपेपरवर लिहिला, ‘कालवतंय’. पुढच्या खेपेला आत गेल्या गेल्या त्यांनीच विचारलं, "आज्जी, कालवतंय काय?" सासूबाई रडल्या, आणि घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या.

औषधानं गुण आलाच. पण त्या आजही सांगतात की डॉक्टराला माझं दुखणं बोलता यायला लागलं तवा मी बरी झाले.

हे उलटंही होतं हे लक्षात ठेवा. माझी कन्नड मैत्रीण सोलापूरला दिलीय, तिच्या आईचे तिथं हेच हाल झाले.

काळा_कोट_बेळगाव

बाईंनी जे लिहिलं ते कायद्यातही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू २९ मे २०१८ पासून. कलम २२ प्रमाणे रुग्णाला आणि त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीला आजाराची, उपचाराची माहिती त्यांना समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. सीमाभागात आपण फलकांच्या भाषेवर इतकी वर्षं बोललो, या कलमावर कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. न्यायालयात आपला सीमेचा दावा २००४ पासून आहे, तो चालायचा तसा चालेल. पण केसपेपर रोज लिहिला जातो.

बाकी थोडक्यात. कलम ९५ नं साखळीनं बांधणं कुठल्याही रूपात बंद, आणि भूल दिल्याशिवाय विजेचे झटकेही बंद. पुढं आजार बळावला तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. आपला प्रतिनिधी आपण नेमू शकतो, तो नातेवाईकच हवा असं नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असं कलम ११५ धरून चालतं, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक करतं. पोलीस केस होईल या भीतीनं माणसाला घरातच मरू देऊ नका, हे प्रत्येक गल्लीत सांगायला हवं.

बिडीपान

निळ्या घोड्याचं पुढं काय झालं?

मलप्रभेकाठची

अजून फिरतो. इटलीत गुन्ह्यात सापडलेल्या मनोरुग्णांसाठी तुरुंगवजा इस्पितळं शिल्लक होती. ती बंद करा म्हणून २०१३ मध्ये त्याला गावोगाव नेलं होतं. सान जोव्हान्नीच्या आवारात आता गुलाबांची मोठी बाग आहे, भिंतीवर जुनी ओळ रंगवलेली आहे, मोकळीक हाच उपचार. लोक तिथं संध्याकाळी पोरं घेऊन फिरायला येतात.

पारिजातक_वडगाव

आणि काकांचं?

मलप्रभेकाठची

काका २०११ मध्ये गेले, घरीच, ताप येऊन. गोळ्या शेवटपर्यंत चालू होत्या. लग्न नाही, नोकरी नाही. मी दुकान काढल्यावर सकाळी शटर उघडायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. साडेआठ म्हणजे साडेआठ. गिऱ्हाइकांशी बोलायचे नाहीत, पण कोणी चिठ्ठी घेऊन बाजूला घुटमळत उभं राहिलं की हातानं पुढं बोलवायचे.

आजी एक आठवण नेहमी सांगायची. ते आल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री तिला जाग आली ती मोरीतल्या पाण्याच्या आवाजानं. त्यांनी विचारलं नव्हतं. ती अंथरुणात उठून बसली. ते परत येऊन निजले तरी ती सकाळपर्यंत झोपली नाही.

कडोलीकर

पांढरी टोपी ताई, एक विचारतो. भाऊ यायला तयार होईलसं वाटत नाही. मी एकटा आलो तर चालेल काय? आणि आज माझ्या बायकोला हा सगळा धागा वाचून दाखवला. त्या गोष्टीतल्या सापापाशी ती म्हणाली, पुन्हा वाचा.

पांढरी_टोपी

एकटे या, चालतं. वहिनींना आणलंत तर उत्तम, रात्रीचं त्याच नीट सांगतील. मंगळवारी सकाळी दहाच्या आत नाव लावा, नंतर गर्दी होते. जुन्या चिठ्ठ्या, रिकामी पाकिटं, जे असेल ते पिशवीत घालून आणा, आणि झोप, जेवण, विहिरीकडे जाणं हे आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा, मराठीतच लिहा, मी आहे. मधल्या रात्री फारच झालं तर टेली मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. विहिरीवर आधी जाळी बसवून घ्या, ते या आठवड्यातच करा. आणि भावाला सांगूनच निघा, मी तुझ्यासाठी डॉक्टरकडे जातोय म्हणून. येतोस का, हेही विचारा. नाही म्हणेल. तरी विचारा.